मियाजिमाची एक दिवसाची गाईड सहल: पैसे वसूल, पण तिथी बघून जा

जपानला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक टोकियो, क्योटो, ओसाका करून परत फिरतात. ज्यांचं हिरोशिमापर्यंत जाणं होणार असेल त्यांनी एक दिवस काढून जवळच्या मियाजिमा बेटावर जावं, भरतीच्या पाण्यात उभं असलेलं देऊळ आणि समुद्रातली त्याची मोठी कमान बघावी आणि तिथं स्थानिक गाईड घ्यावा, म्हणून हे लिहितोय. मी वेरूळ-अजिंठ्याला गाईडचं काम करतो, राहायला खुलताबादला आहे. जपानी पाहुणे आमच्याकडे पूर्वीपासून येतात. लेण्यांभोवतीचा पर्यटन विकास प्रकल्पही जपानच्या कर्जसाहाय्यातून झाला. त्यामुळे त्यांच्या देशात त्यांचे गाईड कसं काम करतात हे बघायची मला फार इच्छा होती. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त ओसाकाला असतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा सोबत बायको होती आणि माझी थोरली बहीण, अंबाजोगाईची आक्का. आक्का माळकरी आहे, गुडघ्यांनी बेजार आहे आणि मराठीशिवाय दुसरी भाषा बोलत नाही. तिचा दिवस सुखाचा गेला, तर सहल चांगली, असं मी मनाशी धरलं होतं.

सहल एका छोट्या स्थानिक कंपनीची होती. आम्ही तिघं, ऑस्ट्रेलियाचं एक जोडपं आणि तैवानच्या तिघी मैत्रिणी, एवढेच लोक. माणशी दहा हजार येनच्या आसपास घेतात, म्हणजे आपले साडेपाच-सहा हजार रुपये. रेल्वे, बोट, देवळांची तिकिटं आणि बेटावर येणाऱ्या पाहुण्यांकडून २०२३ पासून घेतला जाणारा १०० येनचा कर, सगळं त्यात आलं. जेवण आपलं आपण. सकाळी आठला हिरोशिमा स्टेशनवर भेटायचं, लोकल गाडीनं अर्ध्या तासात मियाजिमागुची गाठायचं, तिथून बोटीनं दहा मिनिटांत बेट.

गाईडबाई पन्नाशीच्या असतील. पाठीवर सॅक, पायात चालायचे बूट, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. मी प्रत्येक वाक्य आक्काला मराठीत सांगतोय हे त्यांनी गाडीतच हेरलं. तिथून पुढं दिवसभर त्या दोन वाक्यं बोलायच्या आणि थांबायच्या. माझं सांगून झालं, आक्कानं मान हलवली, की पुढचं वाक्य. आमच्या धंद्यात हे फार थोड्यांना जमतं. एकदा पाठ झालेलं तोंडातून सुटलं की गाडी उताराला लागते, समोरचा मागं राहिला तरी आम्हाला पत्ता नसतो. या बाई मात्र बोलताना ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

आम्ही गेलो तो दिवस कार्तिक अमावास्येचा. आक्का आदल्या रात्रीपासून म्हणत होती, "अमुशाला कुठं परगावी निघत असतेत का रे?" बोटीची वाट बघताना मी हे गाईडबाईंना सांगितलं. त्यांनी सॅकमधून घडी घातलेला एक कागद काढला. महिनाभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा, पुढं पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासच्या ओळींवर हिरव्या पेनानं खुणा केलेल्या. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की भरती मोठी येते आणि ओहोटीही मोठी होते. हिरोशिमाच्या उपसागरात त्या दिवसांत सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला पाणी पूर्ण चढतं आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला उतरतं. म्हणजे एकाच दिवसात, उजेडी, दोन्ही बघायला मिळतं. सप्तमी-अष्टमीला गेलात तर पाणी ना धड वर ना धड खाली. त्यांनी हेही तेव्हाच सांगून टाकलं की जाहिरातीच्या फोटोत लोक समुद्रातल्या कमानीच्या खांबाला टेकून उभे दिसतात, तसं आज बहुधा जमणार नाही. वसंतात दिवसाची ओहोटी खोल जाते, हिवाळा जवळ आला की रात्रीची. पाणी अडीच मीटरच्या वर असलं की देऊळ तरंगतंय असं वाटतं, एक मीटरच्या खाली गेलं तर कमानीच्या बुंध्यापर्यंत चालत जाता येतं. आज पाणी एवढं उतरायचं नाही, पण बरंच जवळ जाऊ. जे मिळणार नाही ते सकाळीच सांगणारा गाईड मला फार आवडतो. दुपारी कुणाचा हिरमोड झाला नाही तो यामुळंच.

आक्काला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्यासाठीच अमुशा आली म्हणायची." त्यानंतर दिवसभर अमावास्येचं नाव नाही.

आपण मराठवाड्यातली माणसं. आपला समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. तो पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो, तेही वर नाशिककडं पाऊस झाला तर. सहा तासांत पुरुषभर पाणी चढतं आणि पुन्हा सहा तासांत उतरतं, हे आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेलं. म्हणून या सहलीत पैसे खरे कशाचे दिले म्हणाल, तर त्या हिरव्या खुणांच्या कागदाचे. बेटावर बघायचं काय ते कुणीही फोनवर शोधू शकतो. कुठल्या वेळेला कुठं उभं राहायचं, हे तिथं रोज जाणाऱ्यालाच कळतं.

बोटी दोन कंपन्यांच्या सुटतात. त्यातली जेआरची, म्हणजे जपानी रेल्वेची, बोट दिवसा कमानीच्या जवळून वळसा घेते, म्हणून बाईंनी तीच धरली आणि आम्हाला उजव्या कठड्याला उभं केलं. ती कमान, म्हणजे तोरी, देवळाचं महाद्वार, भरल्या पाण्यात शेंदरी रंगाची उभी. उंची सुमारे १६ मीटर, वजन ६० टनांच्या आसपास. आजची कमान १८७५ सालची आहे, आणि मोठी दुरुस्ती होऊन २०२२ च्या अखेरीला पुन्हा मोकळी झाली. मुख्य दोन खांब कापराच्या झाडाचे अखंड बुंधे आहेत, रंधा मारून सरळ केलेले नाहीत, झाडाचा बाक तसाच ठेवलाय. मला सगळ्यांत नवल वाटलं ते हे की ही कमान जमिनीत पुरलेलीच नाही. समुद्रतळात पाइनचे सोट दाटीनं ठोकून पाया केलाय आणि त्यावर ती नुसती ठेवलीय. वरची आडवी तुळई आतून पोकळ पेटीसारखी आहे, तिच्यात मुठीएवढाले दगड भरलेत, सात टनांच्या आसपास. त्या वजनावर ती वादळात उभी राहते. वेरूळच्या कैलासात आम्ही एका दगडातून खाली खाली कोरत आणलेलं देऊळ दाखवतो. तिथून आलेल्या माणसाला नुसती ठेवलेली, तरी न हलणारी कमान बघून हात जोडावेसे वाटले.

कमानीवरच्या छपराच्या टोकांकडं बघा, असं बाई म्हणाल्या. पूर्वेच्या टोकाला सूर्य आहे, पश्चिमेच्या टोकाला चंद्रकोर. बोट पुढं निघून जायच्या आत त्यांनी हे नेमकं दाखवलं.

इत्सुकुशिमा देऊळ १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आजचं रूप ११६८ च्या सुमाराला ताइरा नो कियोमोरी या सरदारानं दिलं. ते पाण्यावर का बांधलं, याचं उत्तर मला फार भावलं. हे अख्खं बेटच देव मानलेलं. देवाच्या अंगावर खांब कसे रोवायचे, झाडं कशी तोडायची? म्हणून काठाशी, भरतीच्या पाण्यात देऊळ उभारलं. जुन्या रीतीप्रमाणे बेटावर बाळंतपण होऊ द्यायचं नाही आणि मरणही नाही. आजही तिथं स्मशान नाही. हजार-दीड हजार माणसं राहतात, शाळा आहे, पोस्ट आहे, पण शेवटचा प्रवास पलीकडच्या काठावर.

आक्कानं दाराशीच चपला काढल्या. तिथं पादत्राणं चालतात, सगळे बूट घालूनच जात होते. बाईंनी तिला अडवलं नाही, समजावत बसल्या नाहीत. सॅकमधून एक पिशवी काढून चपला त्यात ठेवायला दिल्या, बस्स. आक्का मोज्यांवर त्या लाकडी ओसऱ्यांमधून चालली आणि मध्येच थांबून खाली बघायला लागली. फळ्यांच्या मध्ये बारीक फटी आहेत आणि फटींतून खाली पाणी हलताना दिसतं. "कसं चढायलंय बघ पाणी," ती म्हणाली. सुताराच्या हातून राहिलेल्या फटी नाहीत त्या, मुद्दाम ठेवलेल्या आहेत. मोठी लाट आली की पाण्याचा जोर त्या फटींतून वर निघून जातो, खालच्या फळ्या उखडत नाहीत. तरी वादळं नुकसान करतातच. १९९१ च्या वादळात पाण्यावरचा नोह या पारंपरिक जपानी नाटकाचा रंगमंच कोसळला होता, २००४ लाही पडझड झाली. दरवेळी पुन्हा उभं केलं. एवढं सांगून बाईंनी आम्हाला वीस मिनिटं मोकळं सोडलं. कुणाच्या मागं मागं आल्या नाहीत. आक्का आणि बायको एका कंदिलाखाली कठड्याला टेकून पाण्याकडं बघत उभ्या राहिल्या, मी फटी मोजत नुसता फिरलो.

देवळातून बाहेर पडलं की लगेच दाइगान-जी नावाचं छोटं बौद्ध मंदिर लागतं. बहुतेक लोक ते ओलांडून पुढं दुकानांकडं जातात. बाई तिथं थांबल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, इथली देवी तुमच्याकडची आहे. बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर गेली, हातातली वीणा जाऊन बिवा नावाचं जपानी वाद्य आलं. पाण्याची देवी म्हणून तिची मोठी ठाणी पाण्याकाठी आहेत. जपानमधल्या तीन प्रमुख ठाण्यांत हे एक, आणि तिन्ही बेटांवर. इथली मूर्ती वर्षातून एकदाच, १७ जूनला, दर्शनाला उघडतात. त्यामुळे आम्हाला मिळालं ते बंद दाराचं दर्शन. आक्कानं दाराबाहेरूनच 'या कुन्देन्दु' म्हटलं, शाळेत म्हणायचो तसं सबंध. ऐकून तैवानच्या मुलीही उभ्या राहिल्या.

पुढं चढणीवर दाइशो-इन. इथं पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश घ्यावं. हे बौद्धांच्या शिंगोन पंथाचं मंदिर. पंथाचे संस्थापक कुकाई म्हणजेच कोबो दाइशी, त्यांनी ८०६ साली या बेटावर साधना केली असं परंपरा सांगते. पायऱ्यांच्या मधोमध कठड्यात धातूची फिरकी नळकांडी ओळीनं बसवलीत, त्यावर महाप्रज्ञापारमिता सूत्राचा मजकूर कोरलाय. चढताना हातानं ती फिरवत जायची, म्हणजे सूत्र वाचल्याचं पुण्य. आक्का माळ ओढणाऱ्या बोटांनी एकही नळकांडं न सोडता वर गेली. गुडघ्यांची तक्रार वर पोचेपर्यंत केली नाही. बाजूच्या एका वाटेवर ५०० अर्हतांच्या, म्हणजे बुद्धाच्या सिद्ध शिष्यांच्या, छोट्या दगडी मूर्ती आहेत. कुणी हसतोय, कुणी डोळे मिटून बसलाय, कुणाच्या हातात मांजर. प्रत्येकाच्या डोक्यावर विणलेली लोकरीची टोपी. त्यांच्या खांद्यांवर मेपलची लाल पानं पडलेली होती.

मला मात्र तिथल्याच कान्नोन मंदिरातलं वाळूचं मंडल, म्हणजे ध्यानासाठी काढलेली देवतांची आकृती, सोडवेना. तिबेटी भिक्खूंनी रंगीत वाळूनं काढलेलं, काचेखाली ठेवलेलं. वेरूळला १२ नंबरच्या लेणीत, तीन तालात, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व असं नऊ घरांचं मंडल भिंतीवर कोरलेलं आहे. पर्यटक कैलास बघून दमलेले असतात, १२ नंबरला यायला तयार नसतात. मी हे बाईंना मोबाईलवरच्या फोटोतून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून तो फोटो बराच वेळ मोठा करून बघितला, शतक विचारलं. आठवं, म्हणालो. कुकाई चीनला गेले त्याच्या थोडंसंच आधीचं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी कुणी भारतीय आलं तर मी हे सांगेन. एका गाईडला यापेक्षा मोठी पावती नको.

जेवणाबद्दल स्पष्ट लिहितो. बुकिंगच्या फॉर्मवर आम्ही शाकाहारी असल्याचं भरलं होतं, पण कंपनीकडून त्याची काहीच व्यवस्था नव्हती. बेट कालवांसाठी प्रसिद्ध आहे, रस्त्याकडेला जाळीवर कालवं भाजत असतात. उदोन म्हणजे नुसत्या शेवया वाटतात, पण त्याचं पाणी माशाचं असतं, हे बाईंनी विचारायच्या आधी सांगितलं. बेटाची मेपलच्या पानाच्या आकाराची मिठाई, मोमिजी मांजू, आत लाल घेवड्याचं गोड पुरण असतं, ती चालेल असं आम्हाला वाटलं होतं. तिच्या बाहेरच्या पिठात अंडं असतं, हेही त्यांनीच सांगितलं. काचेमागं लोखंडी साच्यांत पीठ पडून पानं भाजून निघताना बघितली, तेवढ्यावर आक्का खूश. सूनबाईंनी ओसाकाहून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, तीच कामाला आली. वर एका दुकानातलं भाजलेलं रताळं. माळकरी माणसांनी घरून बांधून न्यावं, दुसरा इलाज नाही. आणि खाताना हरणांपासून जपा. ती मोकळी फिरतात, माणसाला भीत नाहीत, त्यांना खाऊ घालायला मनाई आहे, पण ती कागदसुद्धा ओढून खातात. ऑस्ट्रेलियाच्या बाईंचा नकाशा एका हरणानं कोपऱ्यापासून निम्मा केला.

दुपारी मोमिजीदानी, म्हणजे मेपलची दरी. ज्यांना शरदातली पानं बघायची आहेत त्यांच्यासाठी दिवसाचं खरं ठिकाण हेच. झाडं सातशेच्या आसपास आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून अखेरीपर्यंत रंग भरात असतो. आम्ही गेलो तेव्हा काही झाडं रक्तासारखी लाल, काही केशरी, काहींच्या शेंड्याला लाल आणि खाली अजून हिरवं. आक्का म्हणाली, "आपल्याकडं फाल्गुनात बालाघाटात पळस पेटतो तसं." फरक एवढा की पळसाला तेव्हा पान नसतं, इथं पानच फूल झालेलं. बाईंनी कारण चार वाक्यांत सांगितलं. रात्री थंड पडल्या, दिवस आखूड झाला की पानातला हिरवा रंग मोडतो. मेपलच्या पानात अडकून राहिलेल्या साखरेतून लाल रंग तयार होतो. गिंको नावाच्या झाडाच्या पानात पिवळा आधीपासून असतोच, हिरवा गेला की तो दिसायला लागतो.

पण मला या दरीतला सगळ्यांत मोठा ठेवा पानांच्या खाली दिसला. मधून एक ओढा वाहतो, त्यात मोठमोठ्या शिळा, त्यांवरून पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं. बाईंनी विचारलं, या शिळा इथं कुणी ठेवल्या? सगळे म्हणाले, निसर्गानं. मग त्यांनी सांगितलं. १७ सप्टेंबर १९४५, हिरोशिमावर बॉम्ब पडून सहा आठवडे झाले होते. माकुराझाकी नावानं ओळखलं जाणारं वादळ आलं, डोंगर खचला, या ओढ्यातून चिखल, शिळा, झाडं खाली वाहत थेट इत्सुकुशिमा देवळात शिरली. १९४८ ते १९५० मध्ये दुरुस्ती झाली, आणि करणाऱ्यांनी आधी स्वतःला नियम घालून घेतले. शिळा फोडायच्या नाहीत, वाहून आलेल्याच वापरायच्या. बाहेरून दगड आणायचा नाही. झाड तोडायचं नाही. सिमेंट डोळ्यांना दिसता कामा नये. काम बागेच्या जाणकार कारागिरांच्या हातून करायचं. आपण ज्याला ओढा म्हणत होतो तो सगळा माती अडवण्यासाठी बांधलेला बंधारा आहे. त्यांनी आम्हाला एका शिळेजवळ वाकायला लावलं. दोन शिळांच्या सांध्यात आत, बोटभर खोल, सिमेंटची करडी रेघ, तिच्यावर शेवाळ.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात कामावर होते. नालाबांध, पाझर तलाव, खडी फोडणं. मराठवाड्यात असं घर सापडायचं नाही ज्यात कुणी तेव्हा खडी फोडली नाही. ते बांध आजही पाणी धरतात, त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण बांध कसा दिसावा, याला कुणाकडं उसंत नव्हती. इथं युद्ध हरलेला देश, शहर राख झालेलं, खायची मारामार, आणि तशात काही माणसं बसून ठरवतात की सिमेंट दिसता कामा नये. मी त्या शिळेजवळ बराच वेळ बसलो. बायकोनं दोनदा हाक मारली, "अहो, चला, सगळे पुढं गेलेत." बाई मात्र वळणावर थांबल्या होत्या. शक्य असतं तर वेरूळच्या धबधब्याखालच्या ओढ्याची साफसफाई ज्यांच्या हातात आहे त्या प्रत्येकाला मी इथं आणून उभं केलं असतं.

त्यानंतर टेकडीवरचं सेन्जोकाकु. नावाप्रमाणे हजार चटयांचा दिवाणखाना (जपानात खोली किती चटयांची यावर मोजतात), खरं क्षेत्र ८५७ चटयांचं. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं १५८७ साली बांधायला काढला, १५९८ मध्ये तो वारला आणि काम तिथंच थांबलं. छपराला आतून फळ्या मारलेल्या नाहीत, उघड्या तुळया दिसतात. भिंती नाहीत. इथं बूट काढायचेच असतात. जमिनीच्या फळ्या एवढ्या घासलेल्या की बाहेरचा पिवळा गिंको त्यात उमटतो. शेजारी १४०७ सालचा पाचमजली पॅगोडा. अजिंठ्याला मी पाहुण्यांना अर्धवट राहिलेल्या २४ नंबरच्या लेणीत हमखास नेतो, कारण कारागीर दगडात कसा शिरला हे पूर्ण झालेल्या लेणीत दिसत नाही. या बाईही नेमक्या त्याच कारणासाठी इथं थांबल्या. तुळयांचे सांधे दाखवले आणि मग खाली बसायला सांगितलं. बोलणं नाही, पंधरा मिनिटं. आठही जण बसून राहिले.

साडेतीनला पुन्हा काठावर. सकाळी जिथं बोट फिरली होती तिथं ओली वाळू, शेवाळ, खेकड्यांची भोकं. देवळाचे खांब बुडापर्यंत उघडे पडलेले. बाईंनी सकाळी सांगितलं तसंच झालं, कमानीच्या बुंध्याशी अजून पाणी होतं. पण चाळीस-पन्नास पावलांवर जाता आलं. तिथून खांबावर भरतीची रेघ स्पष्ट दिसते, तिच्याखाली शिंपल्यांचा खरबरीत थर. लोक खांबाच्या भेगांत नाणी ठोकतात आणि त्यानं लाकूड खराब होतं, हे सांगताना दिवसात पहिल्यांदा बाईंचा आवाज चढला. मला फार जवळचं वाटलं ते. अजिंठ्यात फ्लॅश मारणाऱ्याला बघून माझाही असाच चढतो.

आता जे खटकलं ते. मिसेन डोंगर या सहलीत नाही, आणि जाहिरात वाचून तसं वाटत नाही. ५३५ मीटरचा हा डोंगर बेटाचा माथा आहे. वर कुकाईंनी पेटवलेला अग्नी बाराशे वर्षं तेवतोय असं मानतात. हिरोशिमाच्या शांती उद्यानात १९६४ साली पेटवलेल्या ज्योतीसाठी इथूनही अग्नी नेला होता. आदल्या दिवशी आम्ही ती ज्योत बघून आलो होतो, त्यामुळे मूळ बघायचं राहिलं याची रुखरुख वाटते. रोपवे वरच्या ठाण्यापर्यंत नेतो, पण तिथून माथ्यापर्यंत अर्धा तास चढउताराची वाट आहे, आणि पानांच्या दिवसांत रोपवेला गर्दी असते. एका दिवसात दोन्ही बसत नाही हे पटतं, पण कंपनीनं ते आधी स्वच्छ लिहावं. दुसरं शाकाहाराचं, ते वर आलंच. तिसरं, परतीच्या बोटीला साडेचारनंतर लांब रांग होती. दिवस पाचच्या सुमाराला मावळतो, वारा गार सुटतो, म्हाताऱ्या माणसाला उभं राहणं जड जातं. अर्धा तास आधी निघायला हवं होतं.

एवढं धरूनही पाचपैकी साडेचार. माझ्या हातात असतं तर त्या बाईंना स्वतंत्र पाच दिले असते. तिथं टीप घेत नाहीत, द्यायला गेलात तर अवघडतात.

ज्यांना जायचंय त्यांनी तिकिटं काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पौर्णिमा किंवा अमावास्या कधी येते ते शोधा, तिच्या आगेमागे दोन दिवस धरा, शनिवार-रविवार टाळा. आम्ही गुरुवारी गेलो तरी दुपारी दुकानांच्या गल्लीत खांद्याला खांदा लागत होता. मुक्काम आदल्या रात्री हिरोशिमातच करा, ओसाकाहून सकाळी निघून भरती गाठायची म्हटलं तर धावपळ होते. अंगात स्वेटर, पायात सहज निघणारी चप्पल किंवा बूट, डब्यात धपाटे. आणि ज्यांना डोंगरही बघायचाय त्यांनी दुसरा दिवस राखून ठेवा, त्या दिवशी गाईडची गरज नाही, पाटी बघत बघत जाता येतं.